सातवं लुगडं

पुंजाबाबा गेल्यावर सातबाऱ्यावरची नावं बदलायला निघाली, तेव्हा ‘आत्याच्या पट्ट्याचंही एकदा कागदावर घालून टाकू’ हे पहिल्यांदा बोलला तो त्यांचा थोरला, दिनेशच. चांगलं बोलून गेलेला माणूस पुढे त्याच बोलण्याखाली कसा वाकतो, हे मीना नवऱ्याच्या तोंडाकडे बघून शिकत होती. मोजणी उद्यावर आली होती. सकाळपासून दिनेशचा चहा दोनदा गार झाला, दोनदा तिनं गरम करून आणला, आणि दोन्ही वेळा त्यानं तो लिंबाच्या बुंध्याशी तसाच ठेवून दिला.

आखाजीचा सण तोंडावर होता, म्हणून ज्योत्स्नाताई सातपूरहून माहेरी आली होती. निदान सांगायला तरी तेच कारण होतं. सोबत तिनं ललितलाही गाडीवर घालून आणलं होतं. ललित दिनेशचा सख्खा धाकटा भाऊ, सातपूरला लेथवर काम करणारा. पण राहायला आतेबहिणीच्या शेजारी आणि जेवायला अर्धे दिवस तिच्याकडे. त्यामुळे लिंबाखाली सतरंजी टाकल्यावर तो ताईच्या बाजूला बसला, तेव्हा मीनाला नवल वाटलं नाही. दिनेशला मात्र वाटलं. त्याला कोणाचं मीठ कोणाच्या पोटात गेलंय याचा हिशेब लावायची सवयच नव्हती.

भागीआत्या या सगळ्यांपासून थोडी दूर, स्वतःच्या झोपडीवजा घराच्या उंबऱ्यात, लसूण सोलत बसली होती. जिच्या पट्ट्यासाठी हे सगळं चाललं होतं ती बाई बैठकीत नव्हती. बोलावलं तर म्हणाली, “तुमी बोला. मला ऐकू येतं हितून.”

पट्ट्याची गोष्ट घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. बहात्तरच्या दुष्काळात भागीला सासरच्यांनी कडेवरच्या ज्योत्स्नासकट हाकलून दिलं. ती चांदवडचा घाट चढून माहेरी आली तेव्हा अंगावरच्या लुगड्याला ठिगळ लावायलाही जागा उरली नव्हती. भावकीत तेव्हा सात घरं. सातही घरांनी एकेक लुगडं आणायचं, आणि ती लुगडी एकापुढे एक अंथरून जेवढी लांबी भरेल तेवढी भावाच्या, पुंजाच्या रानाची रुंदी बहिणीला चोळीबांगडीसाठी द्यायची, असं ठरलं. रस्त्याकडच्या उभ्या दगडापासून उगवतीकडे सात लुगडी. खाली ओढ्यापर्यंत सलग. एवढ्यावर पन्नास वर्षं निघाली. बांध घातला नाही, कागद केला नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

आता सरकारी मोजणीवाल्यानं विचारलं होतं. या गटाचं जुनं टिपण इंग्रजांच्या वेळचं. त्याच्यावर सगळी मापं साखळी आणि आण्यांत. साहेब फोनवर म्हणाला होता, तुमच्या घरातलं जे काही ठरलंय ते साखळी-आण्यांत काढून ठेवा, म्हणजे टिपणाशी ताडून बघता येईल. लुगड्याचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

“सोपं आहे,” ललित म्हणाला. त्यानं मोबाईल काढला आणि मागच्या खिशातून एक कागदही, कारण मोबाईलवर दिनेशचा विश्वास नव्हता. “नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार. वाराचे तीन फूट. एक लुगडं सत्तावीस फूट. सात लुगडी, एकशे एकोणनव्वद फूट. आता साखळी तेहतीस फुटांची. म्हणजे अकरा वार.”

“म्हणजे लुगड्यापेक्षा सरकारची साखळी दोन वार मोठी,” ज्योत्स्ना म्हणाली.

“सरकारला मोठंच लागतं नेसायला,” उंबऱ्यातून आत्या म्हणाली. सगळे हसले. दिनेशही हसला, आणि मीनाला वाटलं, हे इथंच थांबलं तर किती बरं होईल.

ललितनं पुढे मांडलं. “पाच साखळ्या होतात, वर उरतात चोवीस फूट. साखळीचे सोळा आणे, आणा दोन फूट आणि वर जराशी रेघ. म्हणजे पाच साखळ्या, साडेअकरा आणे. झालं. कारखान्यात मी केसाच्या जाडीएवढं माप धरतो रोज, हे काय अवघड आहे?”

“मग धर,” दिनेश म्हणाला. “टेप घे नि चल.”

दोघे भाऊ रस्त्याकडच्या दगडापासून टेप धरून निघाले. मीना कमरेवर हात ठेवून बघत राहिली. टेप कांद्याच्या मोकळ्या झालेल्या वाफ्यांवरून आला, आत्याच्या शेवग्याच्या बाजूनं आला, विहिरीच्या काठाशी पोहोचला आणि पुढे जायला जमीनच राहिली नाही. एकशे एकोणनव्वदावा फूट विहिरीच्या बरोबर मधोमध, पाण्यावर येत होता.

ललित टेपचं टोक हातात धरून काठावर उभा राहिला आणि त्याचं लेथवरचं शहाणपण तिथंच संपलं.

दिनेश शांतपणे म्हणाला, “मार रेघ पाण्यावर.”

“रेघ पाण्यात पडली तरी कागदावर दिसते, दिनेश,” ज्योत्स्ना म्हणाली. ती सतरंजीवरून उठली नव्हती. “अर्धी विहीर आईची निघते. त्यात माझं काय चुकलं?”

“तुझं काय चुकलं म्हणून कोण म्हणतंय, ताई? आत्याला पाणी कधी तोडलं का आमी? बाबा असताना नाय, गेल्यावर नाय.”

“आई आहे तोवर नाही तोडणार. नंतर? माझ्या तोंडाकडे बघून देशील. माझ्या पोरांच्या तोंडाकडे बघून देतील का तुझी पोरं?”

“अन् तुझ्या पोरांनी पट्टा विकला मग? हायवेचा हॉटेलवाला येऊन बसंल अर्ध्या विहिरीवर. त्याची मोटर मोठी असणार का माझी?”

दोघांचंही खरं होतं, ही मोठी पंचाईत होती. एकाचं खोटं असतं तर मीना दुसऱ्याची बाजू घेऊन मोकळी झाली असती. या विहिरीवर त्यांचं डाळिंब उभं होतं. चैत्रात पाणी खाली गेलं की मोटर फेस ओकायला लागायची, आणि दिनेश रात्री अंथरुणात उठून बसायचा. त्यातलं अर्धं कागदावर गेलं तर बाग राहणार की नाही, हा प्रश्न तिच्याही पोटात होताच. पण हीच आत्या, जिनं मीनाच्या तिन्ही बाळंतपणांत सासूच्या आधी उठून शेक-शेगडी केली, तिच्या वाट्याला कोरडं रान यावं असंही तिला म्हणवत नव्हतं.

तेवढ्यात वाटेनं काठी टेकत कुसाकाकू आली. भावकीतल्या सात घरांपैकी एका घरची ही म्हातारी. लुगडी अंथरली त्या दिवशी तिथं असलेल्यांपैकी आत्या आणि ही, एवढ्या दोघीच उरल्या होत्या. तिला निरोप दिनेशनंच पाठवला होता. ती सतरंजीवर बसली, पाणी प्यायली, सगळ्यांच्या पोराबाळांची चौकशी करून झाली, आणि मग म्हणाली, “काय मापताय रं?”

ललितनं सांगितलं. नऊ वार, सात लुगडी.

“सात कुठली?” कुसाकाकू म्हणाली. “साडेसहा व्हती.”

आत्याच्या हातातला लसूण थांबला, हे फक्त मीनानं पाहिलं.

“सा घरांची सा पुरी. आमचं तांबडं व्हतं, माझ्या हातानं अंथारलं म्या. शेवटचं पुंजाचं. हिरवं, रुईफुली काठाचं. त्यानं अंथारलं तं निम्मंच. मधूनच फाडलेलं. लोक हसले की तवा. म्हनले, सोताचंच रान जायाचं म्हून पुंजानं लुगडं फाडून आनलं. बहिनीपरीस रान प्यारं.” म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. “मी आपली जे व्हतं ते सांगते. नाय तर मला काय त्याचं?”

ललितनं न सांगता कागदावर खोडलं आणि पुन्हा मांडलं. साडेअठ्ठावन्न वार. पाच साखळ्या, पाच आणे. साडेसहा आण्यांनी रेघ मागे सरकली, आणि विहीर पूर्ण सुटून अलीकडच्या काठाच्याही दोन हात मागे थांबली. विहीर सबंध दिनेशची.

जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा असतो का, असं मीनाला वाटलं. दिनेश खाली बघून गवताची काडी तोडत होता.

“दादा,” ललितचा आवाज बदलला होता, “हे उद्या साहेबापुढं सांगणार तू? आपल्या बापानं बहिणीला लुगडं फाडून दिलं, रान वाचवायला?”

“मी कुठं म्हटलं? काकू म्हणाली.”

“बोलावलं कोणी काकूला?”

“मग काय करू? पट्ट्यात नसलेली विहीर देऊन टाकू? जे झालं ते झालं.”

“आत्तापर्यंत मी ताईकडून होतो ते पट्ट्यासाठी,” ललित म्हणाला. “आता बाबांकडून आहे.”

“अन् मी काय बाबांच्या विरुद्ध हाय का?” दिनेश पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, आणि बोलल्यावर आपणच दचकला. बाप जाऊन वर्ष झालं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; ही मूठ त्यानं भावकीसमोर आपल्या हातानं उघडून घेतली होती.

ज्योत्स्नाताई उठून आईच्या उंबऱ्याशी गेली. “आई, तू सांग. होतं का अर्धं?”

भागीआत्यानं लसणाची पाकळी तोडली, सोलली, वाटीत टाकली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पुंजाचं लुगडं पुरं व्हतं.”

“भागे,” कुसाकाकू म्हणाली, “देवाला भिऊन बोल.”

“देवाला भिऊनच बोलते. पुरं व्हतं.”

आता हिच्या शब्दापुढे तिचा शब्द. ज्योत्स्नाताईचा चेहरा उजळला, दिनेशचा पडला. आत्या खोटं बोलते आहे असं त्याला वाटलं. आणि ती खोटं बोलते आहे ते पाण्यासाठी की भावाच्या अब्रूसाठी, हे त्याला ठरवता येत नव्हतं. “घ्या,” तो पुटपुटला, “आता लुगडं आणायचं कुठून मापायला?”

लुगडं कुठे आहे हे मीनाला माहीत होतं. कुसाकाकूनं ‘रुईफुली काठ’ म्हटलं तेव्हाच तिच्या ते ध्यानात आलं होतं.

घरातल्या गोधड्या उसवून नव्यानं शिवायचं काम लग्नापासून तिच्याकडे. मागच्या वर्षी तिनं आत्याची गोधडी उसवली होती. जुन्या थरांत एक हिरवं लुगडं निघालं होतं, विरलेलं पण काठ शाबूत. पदर होता, आणि दुसऱ्या टोकाला, निम्म्यावरच, फाडून हातशिलाई घातलेली कड. तेव्हा तिनं लक्ष दिलं नव्हतं. गोधडीत काय, तुकडेच असतात. तसंच ते आत ठेवून तिनं वरून नवं पातळ चढवलं होतं. म्हणजे कुसाकाकू खरं बोलत होती. मीनानं एक शब्द काढला असता तर विहीर तिच्या घराची होती. मग बाग राहिली असती, आणि नवरा रात्री उठून बसला नसता.

पण यंदा शिमग्यानंतर तिनं स्वतःच्या वारलेल्या सासूची, ठमाबाईंची गोधडी उसवली होती. आणि तिच्याही पोटातून हिरवं, रुईफुली काठाचं निघालं होतं. बिनपदराचं. ते मात्र तिला आत्ता आठवलं.

ती उठली. आखाजीआधी धुतलेल्या गोधड्या सकाळीच विहिरीवर वाळत टाकल्या होत्या. त्या उलटायचं निमित्त तिला पुरेसं होतं. दगडी थारोळ्यावर, जिथे पूर्वी मोटेचं पाणी ओतलं जायचं, तिथे आत्याची गोधडी होती. तिनं ती उलटली. तिच्या मागोमाग आत्याही आली, कमरेत वाकून, दुसरं टोक धरायला.

“आत्या,” मीना हळूच म्हणाली, “तुमच्या गोधडीत निम्मंच हाय.”

“म्हाईत हाय मला. माझ्या अंगावरचं लुगडं मला म्हाईत नसंल?”

“दुसरं निम्मं आमच्या सासूबाईंच्या गोधडीत हाय.”

भागीआत्यानं तिच्याकडे बघितलं. मग तिनं गोधडीवरची न पडलेली सुरकुती हातानं सारखी केली. “ठमीनं जपलं म्हन की. मला वाटलं, पोतेऱ्याला गेलं असंल.”

“मग तुम्ही पुरं होतं असं का म्हणालात?”

“तुला काय सांगू, मीने. त्या साली पुंजाच्या घरात एकच लुगडं आलं. ठमीच्या अंगावर काय व्हतं ते मला ठावं. दारात मानूस आला का ती कणगीमागं जायची. पुंजानं ते एकुलतं लुगडं दोघींत फाडलं. बहिनीला निम्मं, बायकूला निम्मं. लोकांपुढं काय सांगनार, माझ्या बायकूला नेसाया नाय म्हून? लोक हसले. हसू दिले त्यानं. बायकूची लाज झाकली, सोताची उघडी टाकली.”

मीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई तिला कडक वाटत आल्या होत्या. त्यांना कणगीमागे लपलेली तरणी पोर म्हणून तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे अर्धंच दिलं,” ती म्हणाली.

“त्या दिशी अर्धं दिलं. पुढच्या साली विहीर धरली त्यानं. पानाडी सांगत व्हता, पानी तिकडं चिंचंखाली हाय. ह्यानं ऐकलं नाय. सकाळी ठमीकडून तिचं निम्मं मागून आनलं. तवर तिला दुसरं आलं व्हतं. साडेसा लुगडी संपली तिथं तवा खुनेचा दगड व्हता, तिथून ते अंथारलं, अन् जिथं संपलं तिथं पहार मारली. मला म्हनला, भागे, हे झालं पुरं. पानी लागाया लय खोल जावं लागलं, समद्यांनी येड्यात काढला.” आत्या थांबली. “माझ्यापाशी ना बैल, ना मोट. तरी बांधून घेतलंच त्यानं.”

“काय?”

“ह्ये. तू गोधडी कशावर टाकली?”

मीनानं खाली बघितलं. लग्न होऊन आल्यापासून ती या थारोळ्यावर गोधड्या, मिरच्या, कुरडया वाळवत आली होती, कारण याचा चुना अजून गुळगुळीत होता. समोरचं, त्यांच्या रानाकडचं थारोळं मोटेच्या दोरानं घासून खाचा पडलेलं. एकाच विहिरीला समोरासमोर दोन थारोळी, एक उगवतीच्या रानाकडे उतरणारं आणि एक मावळतीच्या, आत्याच्या. हे मावळतीचं एक दिवसही वापरलेलं नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असणारी गोष्ट माणूस बघत नाही.

“हे मगाशी का नाही सांगितलं सगळ्यांना?”

“कुसी बसलीय तिथं. ठमी कणगीमागं व्हती, हे भावकीपुढं मी सांगू? ती मेली तरी माझी भावजय हाय.” आत्या परत घराकडे वळली. “तुला सांगितलं, कारन तू तिची सून. तुला काय करायचं ते कर. विहिरीवर तुझं घर चालतं, मला म्हाईत हाय.”

मीना तिथंच उभी राहिली. गप्प बसली तर म्हातारीच्या शब्दावर कुसाकाकूचा शब्द भारी पडणार. भावकी खऱ्या माणसाचं ऐकते, आणि कुसाकाकू खरी होती. बोलली तर अर्धं पाणी जाणार. तिला डाळिंबाची नवी कळी दिसत होती, आणि रात्री अंथरुणात उठून बसलेला नवराही दिसत होता. तिनं वाईट वाटून घेतलं, पुरेपूर घेतलं, आणि मग पदर खोचून लिंबाकडे चालू लागली.

तिथे अजून तेच चाललं होतं. ललित दोन आकडे लिहिलेला कागद पुढे ठेवून बसला होता. एकाखाली एक. साडेअकरा आणे. पाच आणे.

“अहो,” मीना म्हणाली. ती बैठकीत कधी बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी माना वर केल्या. “कुसाकाकू खरं सांगत्यात. आणि आत्याही खरंच सांगत्यात. लुगडं पुरं होतं. निम्मं आत्याच्या अंगावर होतं, निम्मं आपल्या घरात.”

“म्हंजे?”

“ते सासूबाईंच्या गोधडीत हाय. मी शिवलीय. अन् बाबांनी ते नंतर अंथारलं. कुठं, ते बघायचं असंल तर विहिरीवर या. किती थारोळी हायेत तेवढी मोजा.”

कणगीचं तिनं सांगितलं नाही. ते घरात, दार लावून सांगायचं होतं, आणि फक्त नवऱ्याला.

दिनेश उठला. लहानपणापासून ज्या विहिरीत तो पोहला, जिच्यात त्यानं तीन मोटरी बदलल्या, तिच्याकडे तो परक्या गावची असल्यासारखा चालत गेला. आपल्या बाजूच्या खाचा पडलेल्या थारोळ्यापाशी थांबला. मग काठानं वळसा घालून पलीकडे गेला, आत्याच्या गोधडीशेजारी, कोऱ्या चुन्यावर पाय देऊन उभा राहिला. तिथून त्याला स्वतःचं घर समोर दिसत होतं. कुसाकाकूनं विचारलं, “काय झालं त्याला?”

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि त्यानं ते लपवले नाहीत. गार चहा उचलून एका घोटात प्यायला.

“दादा,” ललित अंदाज घेत म्हणाला, “गोधडी उसवून बघायची का? लांबी धरता येईल नीट. साहेबाला पुरावा म्हणून…”

“उसवायची कशाला?” दिनेश म्हणाला. “थंडीत पांघरायला लागंल. तू लिही.”

“किती लिहू?”

दिनेशनं उंबऱ्याकडे बघितलं. भागीआत्या मान खाली घालून लसूण सोलत होती.

“बाबांनी दिलं तेवढं. साडेअकरा आणे.”